दहा अंगठ्यांचा अर्ज

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मला निवडणुकीतली जाणकार समजतात. निकालाच्या आदल्या आठवड्यात लिफ्टजवळ गाठून लोक विचारतात, "काय राणे मॅडम, कोण येणार?" कोण येणार हे मला नोकरीत असतानाही कधी कळलं नाही आणि आता तर कळायचं काही कारणच नाही. माझं काम दुसऱ्या टोकाला होतं. मशीनवर जी नावं दिसतात ती तिथे कशी पोचतात, आणि जी पोचत नाहीत ती का पोचत नाहीत, हे मी बघत होते. हा प्रश्न मात्र मला लिफ्टजवळ कुणी विचारलेला नाही. बहुतेकांची समजूत अशी असावी, की नावं वरून पडतात, गारांसारखी.

तेव्हा न विचारताच सांगते.

उपनगरच्या महसूल खात्यात मी कारकून म्हणून लागले आणि नायब तहसीलदार होऊन बाहेर पडले. मधलं सगळं वगळलं तरी वाचकांचं काही नुकसान नाही. निवडणूक लागली की आमच्यासारख्यांना नेहमीच्या टेबलावरून उचलून निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या हाताखाली बसवतात. हे निर्णय अधिकारी म्हणजे एरवीचे उपजिल्हाधिकारी. त्या काही आठवड्यांपुरता त्यांच्या सहीला असा भाव येतो, की एरवी ज्यांच्या दारात त्यांना ताटकळावं लागतं तेच लोक त्यांच्या दारात ताटकळतात. मी ज्यांच्या हाताखाली सर्वांत जास्त शिकले ते इनामदार साहेब हा बदल फार मनावर घेत नसत. म्हणायचे, "राणे, ही खुर्ची भाड्याची आहे. डाग पाडू नका."

नाव मशीनवर यायचं तर आधी अर्ज लागतो, म्हणजे नामनिर्देशनपत्र. त्यावर सूचक लागतो, म्हणजे 'हा माणूस उभा राहावा असं मी सुचवतो' असं म्हणणारा त्याच मतदारसंघातला मतदार. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला असा एक सूचक पुरतो, कारण त्याच्यामागे पक्ष उभा आहे असं कायदा धरून चालतो. अपक्षाला दहा लागतात. दहातला एक जरी खोटा निघाला किंवा शेजारच्या मतदारसंघातला निघाला, तरी सगळा अर्ज बाद. लोकशाहीवरची बरीच जाडजूड पुस्तकं मी हौसेने वाचली आहेत. त्यांत जनता भेटते, नेते भेटतात, घटनेचे शिल्पकारही भेटतात. पण हा सूचक नावाचा प्राणी कुठे भेटला नाही. आणि माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त नावं त्यानेच पाडली.

अर्जासोबत शपथपत्र असतं. त्यात मालमत्ता, गुन्हे, कर्ज, शिक्षण, सगळं लिहायचं. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही. जे नाही तिथे 'लागू नाही' असं लिहायचं. नाहूरचे एक निवृत्त प्राध्यापक दर निवडणुकीला येऊन कोरा अर्ज घेऊन जात. तो सबंध वाचत, शंका विचारायला परत येत आणि भरत मात्र कधीच नसत. एकदा मी विचारलं, "सर, या खेपेला तरी?" तर म्हणाले, "भरायला बसलो होतो. पण एका संध्याकाळी इतक्या वेळा 'लागू नाही' लिहायचं म्हणजे माणूस खचतो हो."

अर्जानंतर शपथ. मग छाननी, म्हणजे सगळ्यांसमोर एकेक अर्ज तपासून स्वीकारायचा की फेटाळायचा ते ठरवणं. मग माघारीची मुदत. त्यातून जे उरतात त्यांची यादी लागते आणि तीच नावं मशीनवर जातात. एवढंच शास्त्र. वाचायला पाच मिनिटं लागतात. पण त्यात अडकून पडलेली माणसं मी आयुष्यभर पाहिली. त्यांतल्या एकीची गोष्ट सांगायची आहे.

मंगल साळवे पहिल्यांदा आल्या तेव्हा खिडकीवर बरीच गर्दी होती. पन्नाशीच्या बाई, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीतून मोजपट्टीचं टोक बाहेर डोकावत होतं. ब्लाऊज शिवायचं काम करत. आमच्याच मतदारसंघात नाल्यालगत एक संक्रमण शिबिर होतं. जुनी चाळ पाडून इमारत बांधेपर्यंत माणसांना जिथे तात्पुरतं ठेवतात ते. या तात्पुरत्यात मंगलताईंच्या मुलीचं लग्न होऊन तिला मुलगी झाली होती, आणि इमारत अजून पायाच्या खड्ड्यातच होती.

त्यांनी अर्ज मागितला आणि लगेच विचारलं, "मॅडम, शेवटी यादी लागते ना उमेदवारांची? शाळेच्या भिंतीवर, मतदानाच्या दिवशी?"

"लागते."

"तिच्यात पत्ता असतो?"

"असतो. नाव, पत्ता, चिन्ह."

"मग द्या अर्ज."

मला वाटलं, बाईंना काहीतरी अर्धवट कळलेलं दिसतंय. म्हटलं, "ताई, पत्ता छापून आणायला निवडणूक कशाला लढवायची?"

त्या हसल्या नाहीत. "बिल्डरने कोर्टात लिहून दिलंय, शिबिरात कुणी राहत नाही म्हणून. घुसखोर आहेत म्हणे. मतदार यादी दाखवायला गेलो, तर तिच्यात आमची चाळ अजून उभी आहे. पाडून इतकी वर्षं झाली, पण सरकारच्या यादीत उभी! पत्ते बदलायचे अर्ज दिले, ते कुठे गेले तुम्हालाच माहीत. आता सरकारनेच छापलेला एक कागद पाहिजे, ज्याच्यावर शिबिराचं नाव असेल. मला निवडून यायचं नाहीये, मॅडम. मला यादीत यायचंय."

नोकरीत बाकीच्यांना मी निवडून यायचंय असं म्हणताना ऐकलं होतं. काहींना तर आधीच निवडून आल्यासारखं वाटत असे. यादीत यायचंय असं म्हणणारी ही एकच.

दोन दिवसांनी त्या भरलेला अर्ज घेऊन आल्या. अक्षर वळणदार, एकही रकाना कोरा नाही. सूचकांच्या जागी सहा सह्या आणि चार अंगठे. मी अर्ज तिथेच थांबवला.

"ताई, हे अंगठे कुठे घेतलेत?"

"घरी. आमच्या म्हाताऱ्या आहेत त्या."

"चालणार नाहीत. सूचकाची सही कुठेही केलेली चालते. अंगठा असेल तर तो साहेबांसमोर लावावा लागतो. साहेब माणसाची ओळख पटवतात आणि खाली सही करतात. तसा नियम आहे."

मंगलताई भडकल्या. "म्हणजे ज्याला लिहिता येतं त्याने घरात पंख्याखाली बसून सही करायची, आणि ज्यांना चार पावलं चालताना धाप लागते त्यांनी इथवर यायचं? शिकलेल्यावर तुमचा विश्वास आणि अंगठेवाल्यावर संशय? झकास नियम आहे!"

आवाज आत साहेबांपर्यंत गेला. त्यांनी दोघींना आत बोलावलं, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तुमचं म्हणणं बरोबर आहे. नियम अपमान करणारा आहे. पण नियम आहे. तुम्ही असं करा, सही करणारे दहा जण आणा, काम सोपं होईल."

तसंच झालं. दुसऱ्या दिवशी दहा सह्यांचा अर्ज आला. सगळे शिबिरातलेच बाप्ये, शिकलेले. मी मतदार यादीशी एकेक नाव ताडून पाहिलं. सगळे आमच्याच मतदारसंघातले. अर्ज दाखल झाला. शपथ घ्यायची वेळ आली. शपथ दोन तऱ्हेची असते, ईश्वरसाक्ष किंवा गांभीर्यपूर्वक. साहेबांनी दोन्ही वाचून दाखवल्या. मंगलताई म्हणाल्या, "गांभीर्यपूर्वक. आम्ही बाबासाहेबांची माणसं." आणि खरोखर इतक्या गांभीर्याने वाचली, की शेजारच्या टेबलावरचा चहा पिणारा कारकून उभा राहिला.

माझ्या हिशेबी त्यांचं काम झालं होतं. पण शिबिरात वेगळंच चाललं होतं.

अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी आमच्या रस्त्याला जत्रेचं रूप येतं. एक मोठे उमेदवार त्या दिवशी यायचे होते. त्यांना सगळे भाऊ म्हणत, मीही तेवढंच म्हणते. भाऊ उघड्या जीपमधून आले. ढोल, लेझीम, जेसीबीच्या सोंडेतून फुलं. एका उंटाचीही व्यवस्था होती. तो कशाचं प्रतीक होता ते शेवटपर्यंत कळलं नाही. कार्यालयापासून शंभर मीटरवर आम्ही चुन्याची रेघ मारतो. तिच्या आत मिरवणूक येत नाही, आणि साहेबांच्या दालनात उमेदवाराबरोबर फक्त चार माणसं. सगळा थाट त्या चुन्याच्या रेघेवर येऊन गपगार होतो. माझ्या नोकरीत मला सर्वांत आवडलेली सरकारी वस्तू ती रेघ.

भाऊ आत आले ते घड्याळ बघतच. त्यांच्या ज्योतिषांनी मुहूर्त काढून दिला होता. पक्षाचं तिकीट पक्कं होतं. फक्त पक्षाचं पत्र, ज्याला सगळे एबी फॉर्म म्हणतात, ते दादरहून निघालं होतं. हा फॉर्म तीनच्या आत आमच्या हातात पडला तरच कायद्याच्या दृष्टीने माणूस पक्षाचा. साहेबांनी आदल्या दिवशी त्यांच्या माणसाला सांगितलं होतं, की एक अर्ज दहा सूचकांचाही भरून ठेवा. तो हसला होता. "साहेब, भाऊंना दहा? भाऊंच्या मागे दहा हजार आहेत."

भाऊ खुर्चीत बसणार तेवढ्यात फाटकावरचे जाधव हवालदार घामाघूम होऊन आत आले.

"मॅडम, बाहेर म्हाताऱ्या आल्यात."

"किती?"

"आख्खी बालवाडी आहे. ऐकत नाहीत. म्हणतात, अंगठा लावायचाय."

मी बाहेर गेले. उंटाच्या पलीकडून, ढोलवाल्यांना बाजूला सारत दहा म्हाताऱ्या रेघेपाशी आल्या होत्या. सगळ्यांत पुढे काठी टेकत परब मावशी. त्यांची सून गिरणीकामगाराची मुलगी आणि त्या स्वतः गिरणीकामगाराची बायको. चाळीत सगळ्यांत आधी आलेलं बिऱ्हाड त्यांचं. मागे कुणी साताऱ्याकडची, कुणी विदर्भातली, कुणी मालवणची. मंगलताई कानकोंड्या होऊन शेजारी उभ्या.

"काय झालं ताई? तुमचा अर्ज दाखल झालाय की."

"मॅडम, या रुसल्यात. पहिल्या अर्जावर यांच्यातल्या चौघींचे अंगठे होते ना, ते मी काढले. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. परब मावशीने तर माझ्या घरचा चहा बंद केला. म्हणतात, चाळ आमची, शिबिर आमचं, आणि सुचवणार बाप्ये?"

परब मावशींनी मला मालवणीतच सुनावलं. "गे बाय, माका सही येणा नाय म्हणान काय झाला? मत तर माजा आसा मां! हेच्या पोटात दुखता कोणाच्या?"

मी कणकवलीची. उत्तर मालवणीत द्यायचा मोह झाला, पण खुर्ची भाड्याची होती. कारकुनी बुद्धीने एवढंच म्हटलं, की एक अर्ज झालाय, दुसऱ्याची तशी गरज नाही. कायदा चार अर्जांपर्यंत मुभा देतो, पण शेवटचा दिवस, गर्दी, आत भाऊ. तेवढ्यात मागून इनामदार साहेबांचा आवाज आला. ते स्वतःच बाहेर आले होते.

"मुभा आहे ना? मग आत आणा. चार चार करून."

पुढचा बराच वेळ आमच्या दालनात जे चाललं होतं ते निवडणूक आयोगाच्या कुठल्याही प्रशिक्षणात शिकवलेलं नव्हतं. म्हाताऱ्या चार चार करून आत आल्या. साहेबांनी प्रत्येकीचं नाव विचारलं, ओळखपत्र पाहिलं, चेहरा पाहिला. मग प्रत्येकीला एकच प्रश्न: "आजी, हा कागद कशाचा आहे माहीत आहे?"

पहिली म्हणाली, "मंगलला उभी करायचा."

दुसरी म्हणाली, "घराचा."

साहेब म्हणाले, "घराचा नाही, आजी. उमेदवारीचा. यावर अंगठा लावला म्हणून घर मिळणार नाही."

"ते म्हाईत हाय. सह्या करून तरी कुठं मिळालं?"

एकीचा अंगठा उमटेना. आयुष्यभर भांडी घासून रेषाच गेलेल्या. तीन वेळा लावला. एकीने शाई पदराला पुसली आणि मग पदर पाहून मलाच दोष दिला. परब मावशींनी अंगठा लावून झाल्यावर कागद उलटा करून, शाई पलीकडे फुटली का ते पाहिलं. मग साहेबांना म्हणाल्या, "आता तू सही कर." साहेबांनी प्रत्येक अंगठ्याखाली सही केली. 'माझ्यासमक्ष'. दहा वेळा.

या सगळ्यात भाऊंचा मुहूर्त निघून गेला. ते दोनदा म्हणाले, "साहेब, वेळ चाललीय." साहेब दोनदा म्हणाले, "रांग आहे, भाऊ."

म्हाताऱ्या अंगठे लावून गेल्या नाहीत. आमच्या व्हरांड्यात मोठे पंखे होते. त्या खाली पथारी पसरून डबे उघडून बसल्या. म्हणून पुढचा प्रकार त्यांच्याही डोळ्यांसमोर झाला.

भाऊंनी अर्ज दिला, एका सूचकाचा. एबी फॉर्म वाटेतच होता. तो सायनला होता, मग घाटकोपरला होता, मग तो आणणाऱ्याचा फोन लागेना. तीनला थोडा वेळ राहिला आणि वेगळाच माणूस आत आला, भाऊंच्याच पक्षाचा, आदल्या दिवशी चुपचाप अर्ज भरून गेलेला. त्याच्या हातात एबी फॉर्म होता. त्याच्या नावाचा.

भाऊंनी तो हातात घेऊन नाव वाचलं. मग त्यांच्या माणसाला म्हणाले, "अपक्ष भरू. दहा सूचक आण. पळ!" तो पळाला. चुन्याच्या रेघेपलीकडे हजारभर माणूस भाऊंच्या नावाने घोषणा देत होता. पण ती माणसं टेम्पोतून आणलेली. कुणी गोवंडीची, कुणी चारकोपची. आमच्या मतदारसंघातले जे थोडे होते त्यांना मतदार यादीतला आपला क्रमांक माहीत नव्हता, आणि सूचकाचा क्रमांक अर्जावर लिहावाच लागतो. माणूस परत आला आणि नजर व्हरांड्याकडे वळवून भाऊंना म्हणाला, "भाऊ, या आज्या इथल्याच आहेत. क्रमांकासकट."

भाऊ स्वतः उठून गेले. मला भाऊंचं वाईट वाटलं ते तेव्हा. हात जोडून म्हणाले, "मावशी, माझ्या पण अर्जावर लावा ना अंगठा. सगळ्या शिबिराला घर देतो."

परब मावशींनी भाकरीचा तुकडा मोडला. "आमचो आंगठो दिलेलो आसा, बाबा. तो काय गंध आसा, येईल तेका लावूक?"

तीन वाजले. दार बंद झालं. बाहेर अजून ढोल वाजत होता. आत काय झालं ते त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी छाननी. भाऊंचा अर्ज अर्थातच बाद झाला. ते आलेही नाहीत. मंगलताई परब मावशींना घेऊन आल्या होत्या, कारण छाननीला उमेदवारासोबत एक सूचक बसू शकतो. त्यांचा पहिला अर्ज, तो दहा सह्यांचा, साहेबांनी हातात घेतला आणि एक वकील उभे राहिले. एका तगड्या उमेदवाराचे वकील होते. कुणाचे ते लिहीत नाही. शिबिराची गोष्ट निवडणुकीत बोलली जाऊ नये असं ज्याला वाटत होतं, त्याचे, एवढं पुरे.

वकिलांनी तीन प्रतिज्ञापत्रं ठेवली. मंगलताईंच्या तीन सूचकांची. 'अर्जावरील सही माझी नाही.' आणि ते तिघे बाहेर हजर होते.

मंगलताई पुढे झाल्या. "साहेब, खोटं आहे. माझ्या शिलाई मशीनवर कागद ठेवून सह्या केल्यात त्यांनी."

साहेबांनी तिघांना एकेक करून आत घेतलं. पहिला तर मंगलताईंच्या शेजारच्या खोलीतला. साहेबांनी विचारलं, "ही सही तुमची?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "नाही, साहेब."

मंगलताई ओरडल्या, "सुरेश, अरे माझ्याकडे बघून बोल ना!"

त्याने बघितलं नाही. पुढचे दोघेही तसेच. नंतर कळलं, की त्यांना सांगण्यात आलं होतं, नव्या इमारतीच्या यादीतून तुमचं नाव गाळलं जाऊ शकतं. म्हणजे यादीच्या भीतीने यादीवर पाणी सोडलं होतं त्यांनी. मला आजही त्या तिघांचा राग येत नाही. घर समोर धरलं की माणसाला आपली सहीसुद्धा ओळखता येत नाही.

साहेबांनी थोडा वेळ कागद पाहिला. दहातले तीन गेले की नियम स्पष्ट होता. "हा अर्ज नामंजूर." मंगलताई उठायला लागल्या. त्यांना वाटलं, संपलं.

साहेब म्हणाले, "बसा, ताई. तुमचा दुसरा आहे."

खरं सांगते, वकिलांनाही त्या दुसऱ्या अर्जाचं भान नव्हतं. त्यांनी तो मागून घेतला, पाहिला आणि थोडे हसले. "साहेब, हे तर नुसते अंगठे. हे कुणाचे, कशावरून?"

"माझ्यावरून," साहेब म्हणाले. "माझ्यासमोर लावलेत. प्रत्येकीची ओळख मी पटवली आहे. खाली सही माझी आहे. ती माझी नाही असं मी म्हणणार नाही."

वकील अनुभवी होते, सोडेनात. "पण या निरक्षर बायकांना आपण कशावर अंगठा लावतोय हे कळलं होतं का? त्यांची दिशाभूल झाली असेल तर?"

साहेबांनी परब मावशींकडे पाहिलं. त्या काठीवर हनुवटी ठेवून बसल्या होत्या.

"आजी, हे विचारतायत, तुम्हाला कळलं होतं का?"

परब मावशींनी वकिलांना आपादमस्तक न्याहाळलं. "ह्या साहेबान माका सांगल्यान, आंगठो लावलंस म्हणान घर गावाचा नाय. ता आयकान सुद्धा मिया लावलंय. आता तुया सांग, माका कळला काय नाय?"

वकिलांना मालवणी कळत नव्हती. साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी शब्दशः सांगितलं: अंगठा लावला म्हणून घर मिळणार नाही, हे ऐकूनसुद्धा मी लावला; आता तूच सांग, मला कळलं की नाही? वकील खाली बसले आणि साहेबांनी लिहिलं, "मंजूर."

या नियमाचा मी नंतर पुष्कळ विचार केला. अंगठेवाल्यावर संशय घेऊन कुणीतरी तो केला असणार. मंगलताईंचा राग खरा होता. पण त्याच संशयापायी सरकारला त्या प्रत्येक बाईसमोर बसावं लागलं, तिचं नाव विचारावं लागलं, तिच्या तोंडाकडे बघावं लागलं. सही करणाऱ्यांच्या तोंडाकडे कुणी पाहिलं नव्हतं, म्हणून त्यांच्यावर दाब टाकता आला. अंगठ्यांवर दाब टाकायचा तर आधी इनामदार साहेबांवर टाकावा लागला असता, आणि तिथे काम सोपं नव्हतं. मी नियमांची भक्त नाही; चाळीस टक्के नियम कुणीतरी झोपेत केले असावेत असं माझं मत आहे. पण नोकरीचे आभार मानायचे ठरवलं, तर मी त्या एका दुपारसाठी मानेन. मला नियम पाळताना इतका आनंद परत कधी झाला नाही.

निकालही सांगून टाकते, कारण तो इथे कमी महत्त्वाचा आहे. मंगलताईंची अनामत जप्त झाली. चिन्हांच्या यादीत त्यांनी घर शोधलं होतं. त्या यादीत फ्रिज होता, एसी होता, घर नव्हतं. शेवटी शिलाई मशीन घेतलं. मतं शिबिरातली आणि ब्लाऊज शिवून घेणाऱ्यांची पडली असावीत. इमारत आता बरीच वर आली आहे. किती माणसं पोचतील ते बघायचं.

पण त्याआधी माघारीचा दिवस होता. तीन वाजेपर्यंत उमेदवार नाव मागे घेऊ शकतो, आणि बहुतेक सौदे याच दिवशी होतात. सकाळी खिडकी उघडली तर समोरच्या बाकावर मंगलताई.

"ताई, माघार?"

"छे हो."

"मग?"

"पहारा द्यायला आलेय. माझ्या नावाने दुसऱ्याच कुणी माघारीचा कागद आणून दिला तर? सुरेश बिचारा सही ओळखत नाही, पण करता येते त्याला."

मी सांगितलं, की माघार उमेदवाराने स्वतः आणून द्यावी लागते, किंवा त्याने लेखी अधिकार दिलेल्या सूचकाने वा प्रतिनिधीने. साहेब खात्री करतात. मंगलताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि त्या तिथेच बसून राहिल्या. दुपारी त्यांना फोन आले, मोटारीतून माणसं आली, एकजण फळांची टोपली ठेवून गेला; ती त्यांनी जाधव हवालदारांच्या हाती परत पाठवली. जेवणाच्या वेळेस परब मावशी आणि आणखी चौघी आल्या. साहेबांनी दारातून एकदा बाकाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "राणे, यांना चहा द्या. सरकारी नको, बाहेरचा."

तीन वाजले. साहेबांनी यादीवर सही केली. ती फलकावर लावायचं काम शिपायाचं, पण मी ती त्याच्या हातातून घेतली आणि स्वतः लावली. मंगलताई पिशवीतून चष्मा काढून पुढे आल्या. बोट ठेवत खाली खाली सरकत अपक्षांपर्यंत आल्या आणि थांबल्या. मग मोठ्याने, शपथ वाचली होती तशाच आवाजात, वाचलं. नाव. खोली क्रमांक. संक्रमण शिबिर. नाल्याचं नाव. उपनगराचं नाव. पिनकोड.

मागे उभ्या परब मावशींनी काठी फरशीवर टेकवली आणि म्हणाल्या, "परत वाच गो. सावकाश."